कॅम्प-१ मधील वर्षप्रतिपदा

भिलाईच्या पॉवर हाऊस स्थानकापासून जवळच कॅम्प-१ नावाची वस्ती आहे. नाव छावणीचे आहे आणि वस्तीचा जन्मही छावणीतूनच झालेला आहे. पोलादाचा कारखाना उभा राहत असताना देशाच्या चारी दिशांनी जे कामगार आले, त्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांना कॅम्प म्हणत. पुढे निवारे पक्के झाले, नाव मात्र तेच राहिले. या वस्तीत चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या सकाळी हिंडणाऱ्यास एकाच गल्लीत अनेक प्रकारची मंगलचिन्हे दिसतात. मराठी घराच्या दाराशी वेळूच्या टोकाला रेशमी खण, कडुलिंबाची डहाळी, साखरेची गाठी आणि उपडा तांब्या. तेलुगू घराला आंब्याच्या पानांचे तोरण आणि आत कडुनिंबाच्या फुलांची पचडी. छत्तीसगडी घरात नवरात्राचा दिवा लागलेला आणि टोपलीतल्या मातीत गहू पेरलेला. त्याचे कोवळे पिवळसर अंकुर म्हणजे जवारा. सिंधी घरात त्या दिवशी तयारी, कारण त्यांचा चेटीचंड द्वितीयेच्या चंद्राची वाट पाहतो.

महाराष्ट्रात राहणाऱ्यास वर्षारंभाविषयी कधी शंका येत नाही. पाडवा येतो, गुढी उभी राहते आणि वर्ष पालटते. ऋतूच जणू ते पालटून देतो. कॅम्प-१ मध्ये ही खात्री पहिल्याच वर्षी ढळत असली पाहिजे. शेजारी म्हणतो, चैत्र लागून पंधरा दिवस झाले. दुसरा म्हणतो, आमचे वर्ष तेरा-चौदा एप्रिलला. गावातला शेतकरी म्हणतो, वर्ष खरे अक्तीला. आणि ज्या कारखान्यासाठी ही सारी मंडळी जमली, त्याच्या हिशेबाचे वर्ष एक एप्रिलला सुरू होते. वर्षारंभ ही निसर्गाने नेमून दिलेली गोष्ट नसून माणसांनी आपापसात केलेला करार आहे, हे इतिहासकार ग्रंथांवरून सांगतात. भिलाईच्या या वस्तीत ते शेजारधर्मातून कळते.

या प्रदेशाचा मागील इतिहास पाहिला तर हा करार येथे पूर्वीही बदललेला आढळतो. मराठ्यांच्या आधी छत्तीसगडवर रतनपूरच्या कलचुरींची सत्ता होती. त्यांच्या शिलालेखांतून शक किंवा विक्रम संवतापेक्षा कलचुरी संवत अधिक दिसतो, ज्यास चेदी संवत असेही नाव आहे. रतनपूर येथील पहिल्या जाजल्लदेवाचा लेख कलचुरी संवत ८६६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा आहे. हा संवत इसवीच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यास सुरू झाला आणि त्याचे वर्ष वसंतात नव्हे, शरदात लागे. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी या संवताचे सारे लेख संपादून जो मोठा ग्रंथ सिद्ध केला तो १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी, २ फेब्रुवारी रोजी, भिलाईच्या कारखान्यासंबंधी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. योगायोगाला अर्थ नसतो हे खरे. तरी या भूमीची जुनी कालगणना ग्रंथबद्ध व्हावी आणि त्याच वर्षी तिच्यावर नव्या कालगणनेची पायाभरणी व्हावी, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

चेदी या नावाचा गुढीशी आणखी एक दूरचा संबंध आहे. महाभारताच्या आदिपर्वात चेदिदेशाचा राजा उपरिचर वसू याची कथा येते. इंद्राने त्याला एक वेळूची यष्टी दिली. संवत्सर संपताच राजाने ती भूमीत रोवली आणि वस्त्रे, गंध व माळा यांनी सजवून तिची पूजा केली. तेव्हापासून राजे तसे करू लागले, असे कथा सांगते. गुढीचे मूळ शोधणारे अभ्यासक या कथेकडे बोट दाखवितात. महाभारतातला चेदिदेश आजच्या बुंदेलखंडाकडचा. रतनपूरपर्यंत ते नाव कलचुरींबरोबर पुढे आले. शिवाय इंद्रध्वजाचा उत्सव इतर ग्रंथांत भाद्रपदात सांगितला आहे. तेव्हा या कथेवर फार भार टाकणे बरे नव्हे. परंतु वेळूच्या टोकाला वस्त्र बांधून तो उभा करणे हे आनंदाचे व विजयाचे जुने चिन्ह आहे, याविषयी संशय नाही. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत गुढी हा शब्द याच अर्थाने पुन्हापुन्हा येतो. तेलुगू भाषेत मात्र ‘गुडी’ म्हणजे देऊळ. कॅम्पमधील तेलुगू शेजाऱ्याने मराठी घरात ‘गुढी उभारली’ हे शब्द प्रथम ऐकले असतील, तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करावी.

मराठी माणूस छत्तीसगडात पोलादासाठी प्रथम आला असे नाही. १७४१ साली बंगालच्या स्वारीवर जाताना भास्करराम कोल्हटकरांनी रतनपूर नमविले. पुढे रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूरला राहून राज्य केले. नागपूरजवळच्या रामटेकाची आठवण ठेवून त्यांनी तेथील टेकडीवर राममंदिर बांधले. ती टेकडी आजही रामटेकरी म्हणून ओळखली जाते. दरबारात मराठी भाषा आणि मोडी लिपी आली. विजयादशमीला सोने म्हणून पाने वाटण्याची चाल छत्तीसगडात त्यांच्यामुळे पडली असे तेथील इतिहासकार सांगतात, आणि ती चाल आजही तेथील गावोगाव आहे. मग गुढी का रुजली नाही? दसरा दरबाराचा सण होता. राजा प्रजेला भेटे, प्रजा राजाला. पान एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते आणि जाता जाता चालही पसरते. गुढी ज्याची त्याच्या दाराशी उभी राहते, शेजाऱ्याच्या हाती ती कोणी देत नाही. सत्तेबरोबर सण प्रवास करतात, पण सगळे सण सारख्या वेगाने करीत नाहीत.

छत्तीसगडी शेतकऱ्याचे वर्ष या सर्व काळात आपल्या जागीच राहिले. वैशाख शुद्ध तृतीयेस तेथे अक्ती म्हणतात. पळसाच्या पानांच्या द्रोणांतून धान ठाकुरदेवापुढे नेतात, बियाण्याची पूजा होते, मुली मातीच्या बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात आणि शेतावर वर्षभर राबणाऱ्या गड्यांची बोली होते. ही शेवटची गोष्ट मराठी श्रोत्याने विशेष ध्यानी घ्यावी. विदर्भ-मराठवाड्यात सालगडी ठेवण्याचा दिवस गुढीपाडवा. मालक आणि गडी यांच्यात धान्य किती, रोकड किती, उचल किती हे त्या दिवशी ठरे आणि पुढच्या पाडव्यापर्यंत गडी बांधला जाई. खानदेशात हाच व्यवहार आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला होई. आजही हा व्यवहार पुष्कळ गावांतून चालतो. पाडव्याचे वर्णन करणारे लेख श्रीखंड-पुरी, सोनेखरेदी आणि शोभायात्रा यांविषयी लिहितात. ज्याच्या दाराशी गुढीपेक्षा मालकाचा निरोप आधी येई, त्याच्या पाडव्याविषयी फारसे लिहीत नाहीत. वऱ्हाड, भंडारा, गोंदिया या भागांतून जी माणसे भिलाईस आली, त्यांच्यात अशा घरांतलीही पुष्कळ होती. त्यांचे वर्ष पाडवा ते पाडवा होते. कारखान्यात ते पहिली तारीख ते पहिली तारीख झाले. इतका मोठा कालबदल कोणत्याही पंचांगाने त्यांच्या आयुष्यात केला नव्हता.

या स्थलांतराचा काळही पाहण्यासारखा आहे. १९५५ साली करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते. नागपूर ही राजधानी, राज्याच्या कारभाराच्या भाषा हिंदी आणि मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात राहिले. गोंदियाहून भिलाईला कामास आलेला माणूस घरून निघाला तेव्हा आपल्याच राज्यात होता. वर्षाअखेरीस तो परराज्यात गेला होता, एक पाऊलही न हलता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तोवर कॅम्पमधील मराठी मुले हिंदी शाळांत जाऊ लागली होती. २००० सालच्या १ नोव्हेंबरला छत्तीसगड राज्य झाले आणि त्याच घरांचे राज्य पुन्हा एकदा बदलले. अशा घरात दाराशी उभी राहणारी गुढी केवळ वर्षारंभाची खूण राहत नाही. हे घर कोणाचे, हे ती न विचारता सांगते. पुण्यातील गुढीला हे काम करावे लागत नाही.

आता पंचांगाची गोष्ट. कॅम्पमधील जुन्या मराठी घरांत भिंतीवर बहुधा दोन दिनदर्शिका असतात. एक महाराष्ट्रातून आलेली, दुसरी बाजारात सहज मिळणारी हिंदी, पुष्कळदा जबलपूरची. दोन्हींत पाडवा एकाच दिवशी असतो, परंतु त्या दिवसाचा अर्थ निराळा. मराठी महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. म्हणून होळीच्या दुसऱ्या दिवशी मराठी पंचांग फाल्गुन वद्य प्रतिपदा म्हणते, तर हिंदी पंचांग चैत्र कृष्ण प्रतिपदा. मराठी घरात पाडव्याला महिना आणि वर्ष दोन्ही नवी. शेजारच्या घरात महिना अर्धा सरलेला आणि वर्ष मात्र तेव्हा लागणारे. म्हणजे उत्तरेकडील चैत्राचा पहिला पंधरवडा जुन्या वर्षात आणि दुसरा नव्या वर्षात पडतो. मराठी माणसास ही व्यवस्था विचित्र वाटते. परंतु शुक्ल पक्षापासून वर्ष मोजण्याचा जुना संकेत आणि पौर्णिमेला महिना संपविण्याची जुनी रीत या दोहोंना एकत्र नांदविण्याचा तो प्रयत्न आहे, आणि शतकानुशतके तो निभावला आहे.

संवत्सराच्या नावातही असाच भेद. प्रभव, विभव इत्यादी साठ नावांचे चक्र गुरूच्या गतीवरून बसविलेले आहे. गुरूचे एक संवत्सर सौर वर्षाहून काही दिवसांनी लहान असल्याने सुमारे पंचाऐंशी वर्षांत एक नाव गाळावे लागते. उत्तरेने हा नियम पाळला. दक्षिणेने हजाराहून अधिक वर्षांपूर्वी तो सोडला. त्यामुळे आज दोन्हींत बारा-तेरा नावांचे अंतर पडले आहे. सीमा कोणती? परंपरेने नर्मदा. आता भिलाई नर्मदेच्या दक्षिणेस आहे. भूगोलाने पाहिले तर तेथे दाक्षिणात्य नाव हवे. परंतु तेथील हिंदी पंचांग काशीच्या परंपरेने चालते. पाडव्याला पूजेचा संकल्प सोडताना मराठी घरात एक नाव उच्चारले जाते आणि भिंतीपलीकडे दुसरे, आणि दोन्ही घरांतील भटजी आपल्या परीने बरोबर असतात. मराठी संकल्पात स्थळाचाही उच्चार असतो, गोदावरीच्या कोणत्या तीरावर आपण बसलो आहोत याचा. भिलाईला जवळची नदी शिवनाथ, ती महानदीस मिळते आणि महानदी पूर्वसमुद्रास. गोदावरी दूर दक्षिणेस राहते. तरी नाव तिचेच घेतले जाते.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. तिथी सूर्योदयावरून धरतात. मुंबई आणि भिलाई यांच्या रेखांशांत साडेआठ अंशांहून थोडा अधिक फरक आहे. घड्याळ देशभर एक, पण सूर्य भिलाईला मुंबईपेक्षा सुमारे चौतीस मिनिटे आधी उगवतो. एखादी तिथी त्या चौतीस मिनिटांतच बदलली, तर मुंबईच्या पंचांगातील दिवस भिलाईला लागू पडत नाही. असे क्वचित घडते, पण घडते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात देशोदेशींच्या वर्षारंभांचा जो विचार केला आहे तो वाचला म्हणजे या भेदांमागे अज्ञान नसून सूक्ष्म गणित आहे हे ध्यानात येते.

सरकारलाही एकदा या गोंधळात हात घालावा लागला होता. १९५२ च्या नोव्हेंबरात डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली गेली. तिच्यात नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे सभासद होते. समितीने देशातील नाना पंचांगे तपासून १९५५ साली अहवाल दिला. त्यानुसार २२ मार्च १९५७ हा चैत्र १, शके १८७९ असा धरून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी लागते. राजपत्रावर आणि आकाशवाणीवर तिची तारीख देण्याचे ठरले. हिशेब निर्दोष होता. त्या वर्षीचा पाडवा मात्र १ एप्रिलला आला आणि लोकांनी गुढी त्याच दिवशी उभारली. शक तोच, महिन्याचे नाव तेच, पण सरकारी चैत्राच्या पहिल्या दिवशी कोणी गुढी उभारल्याचे ऐकिवात नाही. २२ मार्च २०२३ रोजी सरकारी चैत्र १ आणि चैत्र शुद्ध प्रतिपदा एकत्र आल्या. त्या दिवशी सरकारच्या आणि कॅम्पमधील मराठी घराच्या नव्या वर्षाची सकाळ एकच होती, आणि बहुतेकांच्या ते लक्षातही आले नाही.

१ एप्रिल हा दुसरा सरकारी वर्षारंभ मात्र सर्वांच्या लक्षात असतो. १८६७ पासून हिंदुस्थानचे आर्थिक वर्ष त्या दिवशी लागते. मार्च हा कारखान्यात उत्पादनाच्या उद्दिष्टांचा आणि कचेऱ्यांत हिशेब मिटविण्याचा महिना. पाडवा त्या धावपळीत किंवा तिच्या मागोमाग येतो. आरंभीच्या काळात भिलाईस असलेल्या सोव्हिएत तज्ज्ञांना कदाचित या साऱ्याचे आश्चर्य वाटले नसेल. त्यांच्या देशात वर्षारंभ पूर्वी सप्टेंबरात होता. पीटर बादशहाने १७०० सालापासून तो जानेवारीत आणला, आणि १९१८ साली पंचांगच बदलल्यामुळे ऑक्टोबर क्रांतीचा वाढदिवस नोव्हेंबरात साजरा होऊ लागला.

झोतभट्टी सणासाठी विझविता येत नाही. पहिल्या पाळीचा कामगार उजाडण्याच्या सुमारास घर सोडतो. अशा घरात गुढी उभारण्याचे काम बायकांकडे किंवा म्हाताऱ्यांकडे जाते, आणि कामगार दुपारी परत येतो तेव्हा ती उन्हात उभी असते. वेळूची वाण छत्तीसगडात नाही. गाठी मात्र गोंदिया-नागपूरकडून येणाऱ्या पाहुण्याकडे मागावी लागे. कडुलिंबाची पाने, ओवा, हिंग, मीठ, चिंच आणि गूळ वाटून मराठी घरात सकाळी खातात. तेलुगू पचडीत कडुनिंबाची फुले, कैरी, चिंच, गूळ, मीठ आणि तिखट अशा सहा रसांचा मेळ असतो. वाटी इकडून तिकडे जाते तेव्हा पानाच्या कडवटपणापुढे फुलाचा कडवटपणा सौम्य लागतो, आणि मराठी मुलांची पसंती कोणत्या वाटीकडे असते हे सांगावयास नको.

सर्वच मराठी घरांवर गुढी नसते, हेही सांगितले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दिली. त्यानंतरच्या काळात विदर्भातून भिलाईस आलेली अनेक कुटुंबे बौद्ध होती. त्यांनी जुन्या सणांबरोबर जुन्या गावातील स्थानही मागे टाकले होते. त्यांच्या वसंताचा मोठा दिवस १४ एप्रिल. त्याच सुमारास पंजाब्यांची वैशाखी, मल्याळी विषू, तमिळ पुत्तांडु, ओडियांची पणा संक्रांत आणि बंगाल्यांचा पहिला वैशाख येतो, कारण ते सारे सण सूर्याच्या मेष राशीतील प्रवेशावरून ठरतात. मराठी बोलणारी दोन घरे, एकाच जिल्ह्यातून आलेली. एक पाडव्याला सजते, दुसरे जयंतीला. दुसऱ्या घराला पहिल्याचा पाडवा परका नाही, ओळखीचाच आहे. ज्या पाडव्याला आजोबांची सालदारी ठरे, त्या पाडव्याची गुढी नातवाने दाराशी का उभारावी, हा प्रश्न त्या घरात विचारला गेला आणि त्याचे उत्तर तेथे मिळाले.

गुढी सूर्यास्तापूर्वी उतरविली तरी मराठी वसंत संपत नाही. चैत्र शुद्ध तृतीयेस चैत्रगौर झोपाळ्यावर बसते. महिनाभर एकेका घरी हळदीकुंकू होते, आंब्याची डाळ आणि पन्हे होते. कॅम्पमध्ये त्यास तेलुगू शेजारीण येते, छत्तीसगडी शेजारीणही येते. हिंदीत बोलणे होते, आणि ओटीतल्या भिजल्या हरभऱ्यांना भाषा लागत नाही. ही गौर उठते ती वैशाख शुद्ध तृतीयेस. त्याच दिवशी पलीकडच्या अंगणात छत्तीसगडी मुली बाहुला-बाहुलीला हळद लावीत असतात, कारण ती अक्ती. गौरीपुढची उरलेली हळद पुष्कळदा तिकडेच जाते.